ईएफ ३५ आलंय आणि हे खुर्चीतून उठत नाहीत, हार्ट पेशंट असलेल्या घरांनी प्लीज बोला

जाई_म्हार्दोळ | ८ ऑक्टोबर, रात्री १०:४२

नमस्कार. वाचते बरेच दिवस, लिहितेय पहिल्यांदाच, चुकलं तर सांभाळून घ्या.

माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट) बांधायच्या दिवशी, म्हणजे गणेश चवथीच्या आदल्या दिवशी, पहाटे चारला ह्यांच्या छातीत भरून आलं. वय ५२, विडी-सिगरेट नाही, बीपी होतं थोडं. रात्री जेवायला उशीर झाला होता म्हणून आम्ही दोघांनीही गॅसच धरला. ओव्याचं पाणी दिलं, मग सोडा दिला, मग मी पाठ चोळत बसले आणि हे माटोळीच्या दांड्याला हात धरून उभे, बनियन पिळून काढावा इतका घाम. साडेसहाला शेजारचा मुलगा उठला, त्याने बघितलं आणि मला विचारलंसुद्धा नाही, सरळ गाडीत घालून आरोग्य केंद्रात. तिथे ईसीजी काढला, तो तिथूनच बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला, म्हणजे गोमेकॉला, पाठवला, ॲटॅक आहे असं कळल्याबरोबर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तिथेच दिलं आणि १०८ मधून गोमेकॉत. मग अँजिओ झाली, एक स्टेंट घातला. तिथल्या लोकांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

आता घरी येऊन सहावा आठवडा. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, ईएफ ३५ आलंय. बघायला आलेल्या एका पाहुण्याने ह्यांच्यासमोरच सांगितलं की म्हणजे हृदय ३५ टक्केच उरलं, बाकी गेलं. त्या दिवसापासून हे सोप्यावरच्या आरामखुर्चीत बसून असतात. बाथरूमला जाताना भिंत धरतात. रात्री मी झोपले की मला उठवतात, "बघ गं, नाडी चालू आहे ना". मनगट हातात घेऊन बसते मग.

गोळ्या नऊ आहेत. त्यात एक शुगरची आहे आणि ह्यांना शुगर नाहीये!! चुकून तर दिली नाही ना? आणि मीठ कमी म्हणजे किती कमी? आमच्याकडे रोज अकराला पेज, आणि पेजेबरोबर चेपणीचं तोर (मिठातली कैरी) नाहीतर सुकी सुंगटं (कोळंबी), ती पण बंद करू का?

आणि अजून एक, हे कुणाला बोलले नाही. ते अडीच तास. मी पाठ चोळत बसले ते अडीच तास. त्यामुळेच ३५ झालं का?

निवृत्त_सिस्टर | ८ ऑक्टोबर, रात्री ११:३०

जाई बाय, आधी त्या पाहुण्याचं बोलणं डोक्यातून काढा. मी तीसेक वर्षं वॉर्डात काढली, त्यातली बरीच कार्डियाकला, आणि हा गैरसमज इतक्या घरांत बघितलाय.

ईएफ म्हणजे एका ठोक्याला डावा कप्पा आतल्या रक्तातलं किती बाहेर फेकतो तो आकडा. निरोगी माणसाचं हृदयसुद्धा सगळं रक्त फेकत नाही, साधारण ५५ ते ७० टक्के फेकतं, शंभर कुणाचंच नसतं. म्हणजे तुमच्या मिस्टरांचे ३५ हे १०० मधले ३५ नव्हेत, साठाच्या आसपासच्या आकड्याशी ताडून बघायचे. कमी आहे हे खरं, काळजी घ्यावी लागणार हेही खरं, पण ६५ टक्के हृदय मेलं असं अजिबात नाही.

दुसरं, ॲटॅकनंतर काही स्नायू मरतो आणि काही नुसता बधिर होऊन पडलेला असतो. रक्त परत सुरू झालं की तो हळूहळू जागा होतो, त्याला आठवडे लागतात. म्हणून गोळ्या नीट घेऊन तीनेक महिन्यांनी इको परत करतात. तेव्हाही ३५ किंवा त्याच्या खालीच राहिलं तर मग डॉक्टर आयसीडी नावाच्या यंत्राचं बोलतात, ठोके बिघडले तर शॉक देऊन जागेवर आणणारं. ते पुढचं पुढे. तारीख घेतली आहे का इकोची?

आणि उद्यापासून एक काम. वजनकाटा आणा. सकाळी उठून लघवीला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी, रोज तेच हलके कपडे घालून वजन करायचं आणि कॅलेंडरवर लिहायचं. तीन दिवसांत दोन किलोच्या वर चढलं तर ती चरबी नाही, अंगात पाणी साठतंय. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. पायाच्या घोट्यावर बोट दाबून खळगा राहतो का, रात्री एक उशी पुरायची तिथे दोन लागतात का, आडवं झाल्यावर खोकला येतो का, एवढं बघत राहा. आणि आराम करतानासुद्धा दम लागला किंवा छातीत परत तसंच दुखलं तर सरळ १०८.

नाडी रात्री बघू नका. तुम्ही बघता म्हणून त्यांना वाटतं की बघायची गरज आहे.

औषधवाला_डिचोली | ९ ऑक्टोबर, सकाळी ७:५५

ताई शुगरच्या गोळीचं मी सांगतो, कारण दुकानात आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच आणि काही लोक ती गोळी मनाने बाजूला काढून ठेवतात, तेव्हा जीव तुटतो.

डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असं काहीतरी नाव असणार. आधी शुगरसाठीच आली, पण शुगरच्या पेशंटांमध्ये असं दिसायला लागलं की ही घेणाऱ्यांना हार्ट फेल्युअरने ॲडमिट व्हायची वेळ कमी येते. मग मुद्दाम कमी ईएफवाल्यांवर अभ्यास झाला, डापा-एचएफ नावाचा, २०१९ ला निकाल आला. ४,७४४ लोक होते आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना शुगर नव्हतीच! हृदयविकाराने मरण किंवा हार्ट फेल्युअर बळावणं, दोन्ही मिळून बघितलं तर गोळी घेणाऱ्यांत सुमारे २६ टक्क्यांनी कमी, आणि शुगर नसणाऱ्यांनाही फायदा तेवढाच. म्हणजे चूक झालेली नाही, उलट आजच्या पद्धतीप्रमाणे अगदी नीट औषध दिलंय. भारतात २०२० च्या ऑक्टोबरात डापाचं पेटंट संपलं, त्यानंतर बऱ्याच कंपन्यांची निघाली आणि भाव खूप उतरला. त्याआधी मी लोकांना अर्धीच स्ट्रिप नेताना बघितलंय.

लघवीतून साखर जाते त्यामुळे खाजेचा त्रास होऊ शकतो, स्वच्छता ठेवायची. उलट्या-जुलाब चालू असले, कडक उपास असला किंवा ऑपरेशन ठरलं तर आधी डॉक्टरांना विचारायचं, तेवढे दिवस थांबवतात.

कमी ईएफला आता चार जातींची औषधं एकत्र देतात: बीटा ब्लॉकर, एसीई इनहिबिटर किंवा त्याच्या जागी नवीन सॅक्युबिट्रिलवाली, स्पायरोनोलॅक्टोनच्या जातीची एक, आणि ही शुगरची. स्टेंटसाठी रक्त पातळ ठेवायच्या दोन आणि कोलेस्टेरॉलची एक वेगळी. नऊ गोळ्या ऐकून घाबरायला होतं पण प्रत्येकीचं काम वेगळं आहे. रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या डॉक्टर सांगेपर्यंत एक दिवससुद्धा चुकवू नका, साधारण वर्षभर असतात. दात काढायचा असला तरी आधी हार्टच्या डॉक्टरांना विचारून. मधेच सोडल्या तर नवीन स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते आणि ते पहिल्या ॲटॅकपेक्षा भयंकर.

माड_पोफळ | ९ ऑक्टोबर, सकाळी ९:१२

एवढ्या गोळ्या म्हणजे किडनीची वाट. माझ्या ओळखीच्या एकांनी सगळ्या बंद केल्या, अर्जुनसालीचा काढा आणि प्राणायाम, चार वर्षं ठणठणीत. ताई विचार करा.

तांबडी_भाजी | ९ ऑक्टोबर, दुपारी १:२०

माड_पोफळ दादा, तुम्ही चांगल्या मनाने सांगताय हे कळतं, पण हे वाचून मी हातातलं काम टाकून लिहायला बसले.

मी पेडण्याची. लहानपणी सांधे सुजायचे, ताप यायचा, आई म्हणायची वाढीचं दुखणं. तो रुमॅटिक फीवर होता. घशातल्या जंतूंपासून सुरुवात होते आणि हृदयाच्या झडपा खाऊन जातो. मोठी झाले, बाळंतपणात दम लागायला लागला तेव्हा कळलं की मायट्रल झडप गेली. माझ्या छातीत आता चित्रा व्हॉल्व आहे. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत बनवलेली आपली देशी झडप, डॉ. वलियाथन यांच्या टीमने वर्षानुवर्षं खपून केलेली, आधीची मॉडेलं फसली तरी सोडलं नाही, १९९० च्या डिसेंबरात पहिल्यांदा माणसाला बसवली. परदेशी झडप ज्यांना परवडत नव्हती त्यांच्यासाठी केलेली. रात्री सगळं शांत झालं की तिची टिकटिक मला ऐकू येते, माझा धाकटा लहानपणी त्या आवाजावर झोपायचा.

ह्या झडपेवर गुठळी होऊ नये म्हणून रोज ॲसिट्रॉम, म्हणजे रक्त पातळ ठेवायची वॉरफरिनच्या जातीची गोळी, आणि दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते बघायची तपासणी. मला अडीच ते साडेतीनमध्ये ठेवायला सांगितलंय. सात वर्षांपूर्वी नात्यातल्या एकीने काढा दिला, रक्त शुद्ध होतं म्हणाली, आणि ॲसिट्रॉम "उष्ण पडते" म्हणून थांबव म्हणाली. मी नऊ दिवस थांबवली. दहाव्या दिवशी भात निवळताना डावा हात गळून पडला, तोंडातून शब्द येईना. वीस मिनिटांनी हात परत आला. माझा आला, सगळ्यांचा येत नाही.

हल्ली आयएनआर लागत नाही अशा नवीन गोळ्या आल्यात, मीही डॉक्टरांना विचारलं होतं. त्यांनी समजावलं की धातूच्या झडपेवर तसल्या एका गोळीचा प्रयोग झाला होता, गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही जास्त झाले म्हणून मधेच थांबवावा लागला, २०१३ ला निकाल छापून आला. आणि रुमॅटिकमुळे झडप खराब आणि ठोके अनियमित अशा साडेचार हजारांवर लोकांवर इन्व्हिक्टस नावाचा अभ्यास झाला, भारतातले पेशंटही होते त्यात, २०२२ ला कळलं की जुनी वॉरफरिनच्या जातीची औषधं घेणारे जास्त जगले. हे ऐकल्यापासून दर महिन्याची ती सुई मला कमी टोचते.

नावाचं म्हणाल तर, तांबडी भाजी माझी जीव की प्राण आणि पालेभाज्यांतलं व्हिटॅमिन के ॲसिट्रॉमचा जोर कमी करतं. पहिलं वर्ष मी भाजी सोडून रडत होते. मग एका सिस्टरने सांगितलं, सोडू नको गं, रोज सारखी खा, एक दिवस टोपभर आणि चार दिवस काहीच नाही असं करू नको. आता आठवड्याचे तीन दिवस ठरलेले, एक वाटी.

घरात पोरांचे सांधे सुजून ताप येत असेल तर कृपा करून वाढीचं दुखणं म्हणू नका, डॉक्टरकडे न्या. वेळेत सापडलं तर दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घेऊन झडपा वाचवता येतात. माझ्या वाचल्या नाहीत.

माड_पोफळ | ९ ऑक्टोबर, दुपारी २:०५

ताई माफ करा. हे माहीत नव्हतं. जाई ताई, मी लिहिलेलं धरू नका. त्या ओळखीच्यांना पण सांगतो चेकअप करून घ्या म्हणून.

जाई_म्हार्दोळ | ९ ऑक्टोबर, रात्री ९:१५

मला एवढं लिहून येईल असं वाटलं नव्हतं. सिस्टर, तुमचा ईएफचा भाग मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवला, परत एकदा वाच म्हणाले. इकोची तारीख नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली आहे. काटा आणलाय. मिठाचं कुणी सांगाल का?

उकडे_तांदूळ | ९ ऑक्टोबर, रात्री ९:५०

मिठाचं मी सांगते, माझ्या सासूबाईंना हार्ट फेल्युअर आहे. आम्हाला सांगितलंय दिवसाचं सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक टीस्पून. मी काय केलं, सकाळीच एक चमचा मीठ छोट्या डबीत काढून ठेवायला लागले, त्यांच्या वाटणीचं जेवण त्यातूनच. डबी संपली की संपलं. पहिले तीन दिवस डबी दुपारीच रिकामी व्हायची तेव्हा मला कळलं आम्ही किती खात होतो.

चेपणीची तोरं म्हणजे मिठात मुरलेलीच, ती धुतली तरी आतलं जात नाही, आणि सुकी सुंगटं, गालमो (सुका जवळा), खारे बांगडे सगळं तेच. बुयांव (खारवलेल्याची बरणी) मी माळ्यावर ठेवला, डोळ्यासमोर असला की हात जातो. पोदेराच्या पावातपण मीठ असतं हे विसरतो आपण, आणि पापड, फरसाण यांतपण. पेजेबरोबर आता ताज्या सुंगटांचं किसमूर करते मीठ न घालता, खोबरं, कांदा, भरपूर भिंडसोलं (आमसुलं) आणि हिरवी मिरची. आंबट आणि तिखट असलं की जिभेला मिठाची आठवण कमी येते. तीन आठवडे सासूबाई रुसून होत्या, आता बाहेरचं जेवण त्यांनाच खारट लागतं. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं ते आणू नका हां विचारल्याशिवाय, त्यात पोटॅशियम असतं आणि हार्टच्या काही गोळ्यांनी ते आधीच वाढतं.

बायपास_बांदोडे | ९ ऑक्टोबर, रात्री ११:४०

वहिनी, मी मिस्टरांबद्दल लिहितो, कारण मी ती खुर्ची ओळखतो.

माझी बायपास २०१६ ला झाली, ४९ वय. घरी आल्यावर तीन महिने मी अंगणातल्या तुळशीच्या पुढे गेलो नाही. प्रत्येक ठोका मोजायचो. जेवताना हात थांबायचा, कान आत. मला वाटायचं हृदयाला ठराविक ठोके उरलेत आणि चाललो तर संपतील. बायकोला सांगायचो कंबर दुखते, पण कंबर दुखत नव्हती, भीती होती. शेवटी चेकअपला डॉक्टरांनी सहज विचारलं की झोप येते का, टीव्ही बघायला मन लागतं का, आणि मी त्यांच्यासमोर रडलो. हे आजाराचाच भाग आहे, ॲटॅकनंतर दर पाचातल्या एकाला तरी मोठं नैराश्य येतं आणि ते अंगावर काढलं तर हृदयालाही महागात पडतं. मला काही महिने गोळी दिली आणि बोलायला पाठवलं. त्यात लाज वाटायचं काही नाही. तुम्ही पुढच्या वेळी डॉक्टरांना हे खुर्चीचं आणि नाडीचं सांगाच.

चालण्याचं औषध सांगतो. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर पाच मिनिटं सपाटीवर, बरोबरच्या माणसाशी बोलता येईल इतक्याच वेगाने. बोलताना वाक्य तुटलं तर हळू. दर दोन-तीन दिवसांनी एक-दोन मिनिटं वाढवायची. जेवल्या जेवल्या नाही, उन्हात नाही. योगाचं वर आलं म्हणून सांगतो, आपल्याकडेच २४ इस्पितळांत ॲटॅक आलेल्या ३,९५९ लोकांवर योग-केअर नावाचा अभ्यास झाला, २०२० ला आला. योग करणारे लोक आधीच्या कामाला जास्त चांगले परतले, तब्येतही बरी वाटली. पण पुढचे ॲटॅक किंवा मृत्यू ठळक कमी झाले असं काही त्यात दिसलं नाही, आणि गोळ्या दोन्ही बाजूंना चालूच होत्या. म्हणून मी सकाळी आसनंही करतो आणि गोळ्याही घेतो.

तुम्ही म्हार्दोळला ना? मी बांदोड्याला, स्कूटरने दहा मिनिटं. रविवारी सकाळी साडेसहाला येऊ का? औषध-डॉक्टर काही बोलणार नाही, नुसते दोघे मिळून देवळापर्यंत चालू. ॲडमिननी परवानगी दिली तर पत्ता खासगी निरोपात पाठवा.

परतीचा_पाऊस | १० ऑक्टोबर, सकाळी ६:३०

जाई ताई, तुमच्या अडीच तासांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

आमच्या बाबांना सकाळी आठला दुखायला लागलं, आम्ही पण गॅस धरला. दुपारी दोनला निघालो, स्वतःच्या गाडीने, वाटेत बाबा गेले. मी चालवत होतो. आता पाच वर्षं झाली. तुम्ही अडीच तासांत पोचलात ताई. स्नायूचं थोडं नुकसान त्या वेळात झालं असेल, मी खोटं नाही सांगणार, पण इंजेक्शन बारा तासांपर्यंत देतात आणि जितकं लवकर तितका फायदा, तुम्ही पहिल्या काही तासांतच पोचलात. माणूस घरात आहे तुमच्या.

बाबा गेल्यावर मी वाचत सुटलो. आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला ॲटॅक सरासरी ५३ व्या वर्षी येतो, बाकी जगात ५९, हे ५२ देशांतल्या मोठ्या अभ्यासातून निघालेलं आहे. म्हणजे "एवढा तरुण माणूस, गॅसच असणार" हे आपल्याकडे तरी म्हणू नये. आणि १९८८ चा आयसिस-२, १७ हजार लोक, ॲटॅकमध्ये साधी ॲस्पिरिन दिली तर पाच आठवड्यांतले मृत्यू जवळजवळ पाव हिश्श्याने कमी. नाक्यावरच्या फार्मसीत मिळणारी गोळी! आमच्या फ्रिजवर आता कागद लावलाय: छातीत दाब, घाम, जबडा किंवा डावा हात दुखणं, बायकांना नुसतीच मळमळ, दम, पाठदुखी सुद्धा, वीस मिनिटं वाट बघायची नाही, १०८, स्वतः गाडी चालवायची नाही, बसवायचं, ॲलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर ॲस्पिरिन चावून खायला द्यायची. सॉर्बिट्रेट (जिभेखाली ठेवायची गोळी) डॉक्टरांनी लिहून दिली असेल तरच, आणि बसून, कारण बीपी धाडकन पडतं.

निनावी | ११ ऑक्टोबर, रात्री १२:१५

एक प्रश्न, आयडी बदलून विचारतेय. नवऱ्याला स्टेंट घालून चार महिने झाले. आम्ही वेगळे झोपतो. डॉक्टरांना विचारायचं धाडस होत नाही. जवळ आलो तर काही होईल का?

निवृत्त_सिस्टर | ११ ऑक्टोबर, सकाळी ७:१०

विचारलंत ते फार चांगलं केलंत, हे वॉर्डात कुणी विचारत नाही आणि घरी जाऊन वर्षानुवर्षं झुरतात. त्रास नसेल, दोन जिने न थांबता चढून छातीत दुखत नसेल आणि दम लागत नसेल तर साधारणपणे हरकत नसते. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सरळ एका वाक्यात विचारा, त्यांना नवल वाटणार नाही. फक्त एक जीवावरची गोष्ट: पुरुषांना ताकदीच्या म्हणून व्हायग्रासारख्या ज्या गोळ्या मिळतात त्या आणि सॉर्बिट्रेटच्या जातीचं औषध एकत्र कधीही नाही.

जाई_म्हार्दोळ | १२ ऑक्टोबर, सकाळी ९:०५

बांदोड्याचे भाऊ आले होते. हे आधी उठायलाच तयार नव्हते, मी आतून ऐकत होते. भाऊंनी काही समजावलं नाही, नुसता शर्ट वर करून छातीवरचा टाक्यांचा वण दाखवला आणि म्हणाले चला. फाटकापर्यंत गेले, मग रस्त्यापर्यंत, फुलवाल्या बायका बसतात तिथून परत आले. येताना ह्यांच्या हातात जायांची फाती होती.

परतीचा_पाऊस दादा, तुमचं मी रात्री दोनदा वाचलं. ह्यांना पण सांगितलं, ते अडीच तासांचं. ते म्हणाले, मीच तर म्हणत होतो गॅस आहे म्हणून.

जाई_म्हार्दोळ | ३० नोव्हेंबर, संध्याकाळी ७:२०

इको झाला. ४४. मी डॉक्टरांना दोनदा विचारलं, ४४ च ना? यंत्राची सध्या गरज नाही म्हणाले, गोळ्या सगळ्या चालू, शुगरचीपण. मधे ऑक्टोबरच्या शेवटी वजन दोन दिवसांत १.८ चढलं होतं, दिवाळीतल्या पोह्यांबरोबरच्या फरसाणाचं असणार. सिस्टरांनी सांगितलं होतं म्हणून दोन किलो व्हायची वाट न बघता फोन केला, लघवीची गोळी चार दिवस वाढवून दिली, उतरलं.

आज सकाळी ६८.४. आता हे स्वतःच लिहितात कॅलेंडरवर, पेन्सिल दोऱ्याने बांधून ठेवलीय. तांबडी_भाजी ताई, तुमचा आयएनआर किती आला ह्या महिन्यात? ह्यांनी विचारायला सांगितलंय.

तांबडी_भाजी | ३० नोव्हेंबर, रात्री ८:०२

२.९ 🙂 सांगा त्यांना.